लोकलला माडी का नाही?

ठाकुर्लीकर

मंडळी, तीन महिने सिडनीला लेकीकडे होतो, गेल्या आठवड्यात परतलो. तिथलं समुद्रबिमुद्र सगळं छान आहे, पण माझ्या डोक्यात घर करून बसली ती तिथली लोकल.

पॅरामाटाहून टाउन हॉलला जायला गाडीत बसलो. 'बसलो' हा शब्द मुद्दाम लिहितोय. ठाकुर्लीहून मस्जिद बंदरला एकतीस वर्षं नोकरी केली, त्यात सकाळच्या गाडीत बसायला मिळाल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोन तर बंदच्या दिवशीचे.

तिथली गाडी दुमजली. दारातून आत शिरलं की छोटासा चौक, मग चार-सहा पायऱ्या वर नाहीतर खाली. खाली बसलं की फलाट खिडकीच्या कडेला येतो आणि माणसांचे नुसते बूट दिसतात. बाकाची पाठ ढकलली की पलीकडे जाते, म्हणजे आपण कायम गाडीच्या दिशेला तोंड करून. मी ती इतक्या वेळा ढकलली की लेक म्हणाली, बाबा, लोक बघतायत.

तर प्रश्न असा. जागा आडवी वाढवता येत नसेल तर उभी वाढवावी, हे गिरगावातल्या चाळमालकांना कळलं होतं. बेस्टला १९३७ मध्ये कळलं आणि रस्त्यावर डबलडेकर आली. मग लोकलवर अजून माडी का चढली नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथी_सीट

काका, वरच्या मजल्यावरचा माणूस दादरला उतरणार असेल तर त्याला तयारी घाटकोपरपासून करावी लागेल. आत्ताही कुर्ल्यापासून करतोच म्हणा.

बंड्या_बदलापूर

मजला चढवला तर सोसायटी स्थापन करावी लागेल. मेंटेनन्स कोण देणार, आणि टपावर बसणाऱ्यांकडून गच्चीचं भाडं घ्यायचं का?

लोखंडी_पूल

बंड्या, टपावर आता पंचवीस हजार व्होल्ट आहेत. गच्चीवर जाणारा भाडं द्यायला परत येत नाही.

ठाकुर्लीकर, प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या क्षेत्रात नोकरी झाली आहे, पण कुठल्या खात्यात ते विचारू नका.

आपली लोकल बसणाऱ्यांच्या जोरावर चालत नाही, उभ्यांच्या जोरावर चालते. डब्याची रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे देशातल्या साध्या डब्यापेक्षा फूटभराहून जास्त. सिडनीची गाडी हिच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त अरुंद आहे. म्हणजे आडवी जागा आपण आधीच वाढवून खाल्ली आहे. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. घरातली चार फरश्यांची जागा मोजा आणि तिथे सोळा जण उभे करून बघा.

आता माडी चढवा. चाकं आणि त्यांची चौकट, म्हणजे बोगी, डब्याच्या दोन टोकांना, त्यामुळे खालचा मजला फक्त मधल्या भागात, दोन बोगींच्या मध्ये रुळांच्या दिशेने खोल उतरवावा लागतो. टोकांना एकच मजला. दारं तिथेच, जिने तिथेच. जिन्यात कोणी बसत नाही, म्हणजे ती जागा गेली. दोन्ही मजल्यांवर छत इतकं बुटकं की उंच माणूस मान वाकवूनच चालतो, तिथे कोंबून उभं करणं विसरा. बसणारे वाढतात हे खरं. आपल्याकडच्या एसी डबलडेकर डब्यात १२० जागा आहेत, साध्या एसी चेअरकारमध्ये ७८. पण लोकलमध्ये जे शेकडो लोक उभ्याने जातात त्यांचं काय? बाकं वाढतील आणि डब्यातली एकूण माणसं होती तेवढीच राहतील, कदाचित घटतील.

शिवाय लोकलची यंत्रसामग्री मोटर कोचच्या, म्हणजे मोटरवाल्या डब्याच्या, पोटाखाली लटकलेली असते. खालचा मजला आला की ते पोटच गेलं, मग ती यंत्रं कुठे तरी वर किंवा टोकाला कोंबा, म्हणजे परत जागा गेली. आणि वर उंचीचं लचांड आहेच. १५०० व्होल्ट जाऊन २५ हजार आले तेव्हा जुन्या पुलांखाली तारेला जागा पुरेना. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडला, त्याला हेही एक कारण होतं. एकमजली गाडीसाठी पूल पाडावे लागतात तिथे तुम्ही माडी म्हणताय.

ठाकुर्लीकर

लोखंडी_पूल, मनापासून आभार. पण सिडनीतही पूल आहेत, बोगदे आहेत, गर्दीही आहे. त्यांना जमलं ते कसं?

घाटमाथ्यावरून

अहो, सिडनी कशाला, आपल्याकडेच होती की. सिंहगड एक्सप्रेसला दुमजली डबे होते, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून. माझे वडील पुणे-मुंबई पासवाले. मी पाचवी-सहावीत असताना त्यांच्याबरोबर गेलो की वर बसायचं म्हणून हट्ट. ते कायम खाली बसायचे. त्यांचं म्हणणं, वरचा मजला जरा जास्त हलतो आणि घाटात वळणावर पेपरातल्या ओळी सरकतात. कर्जतला घाटासाठी मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागायचे, तोवर वडापाव यायचा. खालच्या खिडकीसमोर वडापाववाल्याची टोपली अगदी नाकापाशी, पैसे द्यायला हात खाली नव्हे, वर करावा लागे. वरच्यांची पंचाईत, ते ओरडत राहायचे आणि टोपली आमच्याचकडे. वर बसायचा हट्ट मी त्यानंतर केला नाही.

पालघर_पासवाला

फ्लाइंग राणी! कोणीच कसं नाव काढलं नाही? १९७९ पासून डबलडेकर होती, २०२३ च्या जुलैत ते डबे गेले आणि एलएचबी नावाच्या नव्या बनावटीचे एकमजली आले. नवे डबे गुळगुळीत आहेत, धक्के कमी, मान्य. पण आमची बैठक मोडली.

संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघाली की खालच्या मजल्यावर पत्ते, वर पेंगणारे. मधे, दाराजवळच्या चौकात, दोन्ही मजल्यांचं काहीच न लागणारे उभे. तिघांचे स्वभाव वेगळे. वैतरणेच्या पुलावर वरून खाडी पार लांबवर दिसायची, भरतीच्या वेळी तर होडीच्या टपावर बसल्यासारखं वाटायचं. खालून दिसायचे फक्त पुलाचे लोखंडी पट्टे, एकामागून एक, डोळे मिटेपर्यंत. मी मुद्दाम खाली बसायचो, डुलकी पक्की. पालघर गेलं तर थेट डहाणू, म्हणून शेजारच्या एकाला उठवायचं काम दिलेलं. त्यानेही एकदा डुलकी काढली.

चौथी_सीट

मग? डहाणूला चिकू घेतलेत का?

पालघर_पासवाला

घेतले. बायकोला सांगितलं, खास तुझ्यासाठी गेलो होतो.

नदीकाठची

मी सिडनीत बारा वर्षं आहे, रोज त्याच गाडीने जाते, त्यामुळे काकांना थोडी दुसरी बाजू सांगते.

इथल्या शहरातली जुनी स्थानकं जमिनीखाली, त्यांचे फलाट लांबवणं शक्य नव्हतं. गाडी लांब करता येईना म्हणून १९६४ मध्ये दुमजली डबे आणले. तेव्हा ते अगदी शहाणपणाचं होतं. आठ डब्यांच्या गाडीत आज नऊशेच्या आसपास लोक बसतात. पण डब्याला एका बाजूला दारं दोनच. टाउन हॉलला सकाळी साडेआठला गाडी थांबली की वरचे उतरायला जिन्यात, खालचे उतरायला जिन्यात, आणि चौकात उभे असलेले, ज्यांना पुढे जायचंय, ते मधेच खांबासारखे. उतरणारे संपत नाहीत तोवर चढणारे थांबलेले. गार्डची शिट्टी एकदा, दोनदा. मागची गाडी बोगद्यात उभी.

आणि मुद्द्याची गोष्ट काकांना लेकीने दाखवली की नाही माहीत नाही. २०१९ मध्ये इथे मेट्रो सुरू झाली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती बंदराखालून शहरात आली. ती एकमजली आहे. बाकं कमी, दारं जास्त, उभं राहायला मोकळी जागा. साठ वर्षं माडीत राहिलेल्या गावाने नवं घर बैठं बांधलं.

मला स्वतःला विचाराल तर मी अजून माडीवालीच पकडते. पाऊण तास उभं राहायला आता गुडघे तयार नाहीत.

लोखंडी_पूल

नदीकाठची, अगदी हेच. गर्दीच्या मार्गावर गाडी किती माणसं *नेते* याला फारसा अर्थ नाही, तासाला किती गाड्या जातात याला आहे. आणि तो आकडा ठरतो गाडी सगळ्यात गर्दीच्या स्थानकावर किती सेकंद उभी राहते यावर. आपल्याकडे हे वीस-तीस सेकंदांत उरकतं. दर गाडी अर्धा मिनिट जास्त थांबली तर मागच्या सगळ्यांची रांग लागते आणि तासातल्या दोन-चार गाड्या गायब. माडीने जे कमावलं ते दाराने गमावलं.

इंग्रजांनी हे करून पाहिलं होतं. लंडनच्या दक्षिणेकडच्या मार्गावर बुलीड नावाच्या अभियंत्याने १९४९ मध्ये दुमजली लोकल आणली. तिकडचे बोगदे इतके बुटके की मजले एकमेकांत दातांसारखे अडकवले होते, वरच्या कप्प्यात जायचं तर खालच्यातून. वरच्या खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण बाहेर डोकं काढलं की बोगदा. चढ-उतार इतकी रेंगाळली की पुढे बांधल्याच नाहीत. त्यापेक्षा त्यांनी फलाट वाढवून गाड्या दहा डब्यांच्या केल्या. होत्या त्या १९७१ पर्यंत चालल्या.

आपणही तेच करतोय. नऊचे बारा, बाराचे पंधरा. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची २०१२ मध्ये आली. गाडी उंच नाही, लांब करा.

सेनकाठी

लोखंडी_पूल, तुमच्याशी पहिल्यांदाच असहमत. पॅरिसला या. आरईआर-ए ही लाईन दिवसाला दहा लाखांच्या घरात माणसं नेते आणि तिच्या गाड्या दुमजली आहेत. शातले स्थानकावर सकाळी उभे राहा, दादर आठवेल. फरक एवढाच की त्यांनी डब्याला दोन नाही, तीन दारं दिली, आणि तीही ऐसपैस. बाकं गेली थोडी, पण माणसं ओतल्यासारखी बाहेर पडतात. म्हणजे खोट माडीत नाही, दारात आहे. सिडनीचा अनुभव सांगून माडीला फाशी देऊ नका.

लोखंडी_पूल

मान्य, अर्धं. पॅरिसने दारांसाठी बाकांचा बळी दिला हे तुम्हीच लिहिलंत. आणि शातलेची गर्दी मी पाहिली आहे. ती दादर नाही. ती फार तर मुलुंड.

सेनकाठी

मुलुंडकरांची माफी मागा आधी.

मुलुंड_पूर्व

मागा.

कमळाबाई

हे सगळे मीटर आणि सेकंद वाचले. आता लेडीजमधून बघा.

साडी, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने पोर, आणि धावत्या गर्दीत पाच पायऱ्या. कोणाचा पाय पदरावर पडला की सगळ्या जिन्याचा पत्त्यांचा बंगला. बरं, भाजी निवडायची, काकडी कापायची, गजरे ओवायचे, हे उभ्या-बसल्या सगळ्यांच्या घोळक्यात होतं. मजले झाले की घोळका तुटतो.

आणि रात्री? अकरा वाजता डब्यात आम्ही तिघी-चौघी असतो. पोलीस असतो एक, त्याच्या भरवशावर जातो. तो कुठल्या मजल्यावर बसणार? सध्या डब्यात शिरलं की एका नजरेत सगळा डबा दिसतो, कोण बसलंय, कोण झोपलंय. वरच्या मजल्यावर कोण आहे हे खालून दिसतच नाही. मी तर वर पाऊल ठेवणार नाही, आणि खाली बसले तरी वरच्या पावलांकडे कान लागलेले राहतील.

बंड्या_बदलापूर

कमळाबाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आधीचा विनोद मागे घेतो.

डबा_पोचला

मालडब्याचंही बोला. डबेवाले डोक्यावर ती लांबलचक लाकडी पाटी घेऊन शिरतात. कोळणींच्या टोपल्या. वर कोण नेणार? मालडबा एकमजलीच ठेवावा लागणार.

कोकणी_फणस

अवांतर होतंय, पण एलटीटी-मडगाव एसी डबलडेकर कोणीच कशी विसरलं? २०१४ च्या गणपतीत पहिल्यांदा आली ती प्रीमियम भाड्याने. भाडं बघूनच चाकरमान्यांनी हात जोडले आणि गणपतीच्या तोंडावर कोकणातली गाडी रिकामी धावली, हे कोकण रेल्वेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावं. मग २०१५ च्या डिसेंबरपासून रीतसर सुरू झाली.

मी गेलोय तीन वेळा. काचा मोठ्या, वरून पावसाळ्यातली हिरवळ म्हणजे डोळ्यांचं पारणं. पण ज्याने तो डबा आखला त्याने कोकणी माणसाचं सामान पाहिलेलं नाही. जाताना पिठाचा डबा, पोरांचे कपडे, गौरीची साडी, शिवाय कोणीतरी कोणासाठी तरी पाठवलेला मिक्सर. येताना फणस, नारळ, कोकमं, तांदळाची गोण. वरच्या मजल्याला छत गोलाकार, रॅक एवढीशी. आमचा फणस शेवटी जिन्यात ठेवला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ठेचकाळून विचारायचा, कोणाचा आहे हा? आणि मी कणकवली ते चिपळूण खिडकीबाहेर बघत होतो.

चौथी_सीट

आयडीचं नाव तेव्हाच घेतलंत का?

कोकणी_फणस

त्याच गाडीत.

हडसनपार

न्यूजर्सीतून हजेरी. आमच्याकडे २००६ पासून दुमजली डबे आहेत. न्यूयॉर्कला शिरायचं तर नदीखालचे जुने बुटके बोगदे, त्यात बसतील अशा बेताने बांधलेले, म्हणून दोन्ही मजले बेतशीर. वर बसताना डोकं आपटतं ते पहिल्या आठवड्यात, नंतर मान आपोआप वाकते. घरी दारातून आत येतानाही वाकते, बायको हसते.

पण एक सांगतो. आमची गाडी एडिसनहून निघते ती लोकांना थेट न्यूयॉर्कला नेऊन सोडते. मधे थोडी चढ-उतार, शेवटी सगळे एकदम बाहेर. तिथे माडी शोभते. दर तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला नाही शोभत. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या सगळ्या एकमजलीच आहेत.

घाटमाथ्यावरून

हडसनपार म्हणतात ते पटतं. म्हणूनच सिंहगडला जमलं. लोणावळा, कर्जत, कल्याण, ठाणे, दादर, अशी मोजकीच तर स्थानकं घ्यायची. लोक चढले की दोन-तीन तास हलत नसत. माझं मत विचाराल तर पुणे-मुंबई, नाशिक-मुंबई, सुरत-मुंबई यांना माडी परत द्या आणि लोकलला हात लावू नका.

निवांत_नाना

धागा पूर्ण वाचला नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की एसी लोकल वाढवा.

लोखंडी_पूल

नाना, धागा वाचा.

विहीर_भरली

कोणी पावसाचं बोललंच नाही. खालचा मजला रुळांच्या जवळ येतो ना? मग जुलैत कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की? आत्ता पाणी चाकांशी असतं आणि आपण दारातून बघतो. तेव्हा मांडीशी येईल. २६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याच्या अलीकडे गाडीतच रात्र काढली. बाकावर पाय वर घेऊन बसलो होतो, डबा उंच होता म्हणून. त्या रात्री मजले असते तर खालचे सगळे वर आले असते. काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

सेनकाठी

हा मुद्दा मात्र पॅरिसमधून दिसला नव्हता. माघार.

कमळाबाई

दाराबद्दल सगळे बोलताय म्हणून. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडली, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. पण बंद दारात आत हवा कशी येणार, आणि दार बंद होईपर्यंत गाडी किती वेळ थांबणार, हे आता खरे प्रश्न आहेत. माडीचं नंतर बघू.

ठाकुर्लीकर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नदीकाठची, लेकीने मेट्रो दाखवली होती, मीच म्हटलं होतं की एकमजली गाडी काय बघायची, ती घरी आहे.

लोखंडी_पूल यांच्या वीस-तीस सेकंदांवर माझा विश्वास बसेना. एकतीस वर्षांत कधी घड्याळ लावलं नव्हतं, आत असताना हात वर करायला जागा नसते. म्हणून आज सकाळी सव्वानऊला दादरला जाऊन फलाटावर उभा राहिलो, सीएसएमटीकडच्या जलद गाडीसमोर, खांबाच्या आडोशाला, नातवाचं स्टॉपवॉच घेऊन. ठरवलं होतं, एकच दार धरायचं आणि उतरणारी डोकी मोजायची.

गाडी थांबायच्या आधीच चार जण उतरले होते, ते धरायचे की नाही या विचारात तीन सेकंद गेले. मग निळा शर्ट, बॅग पोटाशी, एक म्हातारे गृहस्थ ज्यांना मागच्याने अक्षरशः उचलून खाली ठेवलं, मग नुसते खांदे. एकवीसपर्यंत मोजले. घड्याळ अकरा सेकंद दाखवत होतं. बाविसावा कोण ते कळलं नाही, कारण तेवढ्यात मागचे चढायला लागले आणि खांबाचा आडोसा संपला. मी "मला जायचं नाहीये" असं म्हणत होतो. म्हणता म्हणता आत होतो.

भायखळ्याला उतरलो. स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं, त्यामुळे दादरचा आकडा काही हाती लागला नाही.

चौथी_सीट

काका, पण बसायला मिळालं का?

ठाकुर्लीकर

येताना. दुपारी बाराची स्लो, खिडकी. पाठ ढकलून बघितली. सरकत नाही.